गेणू, मी मागं बघितलं होतं

गेणू, तू गेलास हे मला तेराव्या दिवशी कळलं, आणि तेही माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाची हवा गेली म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तळेगावहून निघालो होतो. कान्हे गावाच्या पुढं चाक बसलं. मला काही वाटलं नाही. कामशेत जवळ होतं आणि कामशेतात तुझं दुकान होतं. सायकल हातात धरून निवांत चालत आलो. तुझ्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या. शेजारचा पानवाला फडक्यानं पानं पुसत बसला होता. मला बघून त्यानं फडकं खाली ठेवलं.

"मास्तर, तुमाला सांगावा न्हाई आला?"

"कसला सांगावा?"

"गेणूभाऊ गेले की. हिवतापानं. आज तेरावं हाय तिकडं गावाकडं."

त्यावर मी त्याला काय विचारलं असेल? "मग आता पंक्चर कोण काढणार?" खरंच तेच विचारलं. मग मी तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. पानवाल्यानं न मागता चहा आणून ठेवला. तोही तसाच गार झाला.

माणूस गेल्यावर त्याचं गाव, घराणं, मागं कोण कोण राहिलं हे लिहायची रीत आहे. ते तुझ्या भावकीला ठाऊक आहे आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे. बारा वर्षांचं बोलायचं राहिलंय, आणि ते राहिलं ते माझ्यामुळं.

आपली पहिली भेट तुझ्या लक्षात होती का, मी कधी विचारलं नाही. मी नवा नवा शिक्षक झालो होतो, नवी सायकल घेतली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. वडगावच्या कचेरीतलं काम उरकून तळेगावला परत निघालो होतो. चढावर मागून घंटी वाजली. बघतो तर एक उघड्या पायांचा गडी, डोक्याला मुंडासं, जुनाट सायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या भरलेल्या किटल्या, आणि माझ्या बाजूनं सरळ पुढं गेला. मी जोर लावला. तुला गाठलं. तू पुन्हा पुढं गेलास. तळेगावच्या वेशीपर्यंत आपण एक शब्द न बोलता शर्यत लावली आणि तू जिंकलास. उतरलास, किटलीचं झाकण उघडून आत बघितलंस आणि म्हणालास, "थेंब सांडला न्हाई. तुमची सायकल लय चांगली हाय मास्तर. पाय जरा सुदारा."

मला तुझा राग आला होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी तुझं दूध सुरू झालं.

तू काही साधा माणूस नव्हतास, गेणू. आता सगळे तुला साधा, भोळा म्हणतील. तू हट्टी होतास. पत्त्यांत लबाडी करायचास आणि पकडलं तर उलट माझ्यावरच ओरडायचास. आपली चूक झाली हे वाक्य तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. आंदर मावळातल्या तुझ्या गावाहून तळेगावपर्यंत रोज येऊन-जाऊन तुझ्या पायांत जे बळ आलं होतं त्याची तुला पुरती जाणीव होती, आणि ती तू चारचौघांत बोलूनही दाखवायचास. मला ते आवडायचं. मी असं कधी बोलू शकलो नसतो.

पुण्याच्या एका व्यायाम मंडळानं सायकल शर्यत ठेवली, खडकीच्या पुलापासून लोणावळ्याच्या बाजारापर्यंत, ती बातमी मीच वर्तमानपत्रात वाचून तुला सांगितली. तुला तेव्हा लोणावळ्याच्या रेल्वेच्या शेडमध्ये नोकरी हवी होती. भात एक पीक यायचं, भाऊ तिघं होते, आणि तुला इंजिनांचं वेड होतं. शेडमधल्या मुकादमाला सायकलींचा नाद. तो तुला म्हणाला होता, "पहिल्या तिघांत ये, मग साहेबापुढं तुला उभा करायची जबाबदारी माझी." माझ्यासाठी ती नुसती हौस होती. तुझ्यासाठी नव्हती. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी पुण्याला जायचं तर मी म्हणालो आगगाडीनं जाऊ. तू ऐकायला तयार नाहीस. "रस्ता डोळ्यांखालनं घातल्याबगर मी शर्यतीला उतरनार न्हाई." म्हणून आपण पहाटे उलटे निघालो, सायकली हाणत खंडाळ्याला गेलो आणि तिथं घाटमाथ्यावर पुण्याकडं जाणारी लॉरी शोधत बसलो. कोळशाच्या गोण्यांची एक मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, वर बसा, पण पडलात तर मी थांबणार नाही. आपण सायकली गोण्यांना बांधल्या आणि तू मला मागं तोंड करून बसवलंस.

"पाठमोरं बसायचं मास्तर. आज जसा मागं पळतोय, तसाच उद्या रस्ता आपल्या म्होरं येनार."

इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. लोणावळा मागं गेलं, वलवण गेलं, कार्ल्याचा डोंगर हळूहळू फिरत लांब गेला. पौषाची थंडी होती, वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, कोळशाची पूड तोंडाला लागत होती, आणि तू एकेक दगड, एकेक वळण मला पाठ करायला लावत होतास. हितं दम राखायचा. हितं झाडाची मुळी वर आलीया. ह्या पुलावर गाडी वळत न्हाई, मंद घ्यायचं. कामशेतच्या खिंडीच्या अलीकडच्या उतारावर लॉरी वळली तेव्हा रस्त्याच्या कडेला खडी सांडलेली दिसली. शर्यतीत ती आपल्या डाव्या हाताला येणार होती. तू माझा दंड धरलास.

"ही जागा ध्येनात ठेव. डाव्या अंगाला जायाचं न्हाई."

'ठेवा' नाही, 'ठेव'. चार वर्षांच्या ओळखीत तू मला पहिल्यांदा एकेरी हाक मारलीस. तुझ्याही ते लक्षात आलं असावं, कारण तू लगेच दुसरीकडं बघायला लागलास. मी म्हणालो, "ठेवतो." मला फार बरं वाटलं होतं, गेणू. मला भाऊ नाही. शाळेत सगळे अहोजाहो करणारे. त्या गोण्यांवर बसून मी पहिल्यांदा कोणाचा तरी बरोबरीचा झालो.

खडकीत तुझ्या चुलतभावाच्या खोलीवर उतरलो तेव्हा आपली काळी तोंडं बघून त्याची बायको दार लावून घ्यायला निघाली होती. संध्याकाळी तिनं भाकरी आणि पिठलं वाढलं. मी भाकरी मोडायला लागलो तर तू म्हणालास, "पुस्तकाचं पान फाडल्यावानी काय करतोस, दाब तिला." सगळे हसले. त्या संध्याकाळी मी जेवढा सुखात होतो तेवढा नंतर क्वचितच झालो असेन.

शर्यतीचं मी फार लांबवत नाही. तुला सगळं माहीत आहे, मला फक्त माझा भाग सांगायचा आहे.

तीसेक जण होते. पुण्याची पोरं, काही पारशी, छावणीतले काही गोरे सोल्जर. तू माझी खाकी चड्डी घातली होतीस, ती ढगळ झाली म्हणून कमरेला सुतळी बांधलेली. पाय उघडेच. लोकांनी तुला बघून हसून घेतलं. निगडीपर्यंत हसणारे निम्मे मागं पडले होते. सोमाटण्याला दहा-बारा उरले. कान्ह्याच्या फाट्यावर तुझ्या गावची माणसं पहाटेपासून येऊन थांबली होती. "गेणू, हाण! हाण गेणू!" असा एकच गलका झाला. त्यात कोणी "मास्तर, हाण!" असंही ओरडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कामशेत सोडलं तेव्हा आपण दोघं, दोन सोल्जर आणि पुण्याचा एक पोरगा, इतकेच पुढं होतो.

खिंडीच्या चढाला तू सुटलास. मी तुझ्या मागच्या चाकाला चिकटून होतो, बाकीचे मागं राहिले. वर पोचल्यावर तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस आणि हसलास. मग उतार लागला.

वळणावर समोरून पेंढ्यानं भरलेली बैलगाडी आली. रस्ताभर पेंढा. तू पुढं होतास, तुला डावीकडं जावंच लागलं. खडीवर तुझं चाक घसरलं. आवाज मी ऐकला, तो आजही ऐकू येतो. मी तुझ्यापासून हातभर अंतरावरून गेलो.

माझी बोटं ब्रेकवर होती. पन्नासेक पावलं पुढं गेल्यावर मी मागं बघितलं.

तू रस्त्यावर कुशीवर पडला होतास, तोंड माझ्याकडं. एक हात अंगाखाली होता आणि दुसरा हात तू वर केला होतास. तुझ्या मागं, खिंडीच्या तोंडाशी, दोन्ही सोल्जर दिसायला लागले होते. मी तोंड फिरवलं आणि पायाला जोर लावला.

त्या क्षणी मी काही विचारच केला नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. विचार केला होता. आता माझ्या पुढं कोणी नाही, असा तो विचार होता.

वलवणच्या आसपास सोल्जरांनी मला गाठलं आणि मी तिसरा आलो. बाजारात माणसांची गर्दी, कोणी गळ्यात हार घातला, कोणी पाणी दिलं. शेडचा मुकादम गर्दीतून पुढं आला. "दूधवाला कुठंय?"

मी म्हणालो, "कामशेतच्या पुढं पडला. मी थांबत होतो, पण तो म्हणाला, मास्तर, तू जा."

किती सहज बोललो! आधी ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं.

दुपार कलल्यावर तू आलास. चालत. डाव्या हातानं सायकल धरलेली, उजवा हात हिरव्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधलेला, गुडघे फुटलेले. लोक भोवती जमले. मुकादमानं सगळ्यांदेखत विचारलं, "गेणू, मास्तर सांगतात, तूच त्यांना पुढं जा म्हणालास. खरं का?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी हारातली फुलं बघत होतो.

"व्हय," तू म्हणालास. "म्याच म्हनलं. दोगांनी थांबून काय करायचं व्हतं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यापेक्षा तुला जास्त वाजल्या. पुढं आमच्या मुख्याध्यापकांना ही हकिकत इतकी आवडली की बक्षीस समारंभात त्यांनी ती मला मुलांपुढं सांगायला लावली. मग ती दर वर्षीची झाली. 'मित्राचा त्याग' म्हणून मी ती बारा वर्षं सांगितली, गेणू. दर वर्षी थोडी अधिक चांगली सांगायला लागलो होतो.

तुझं कोपर हाडवैद्यानं बसवलं, पण हात सरळ झाला नाही. मुकादमानं शब्द मोडला नाही, तू पडला असतानाही तुला साहेबापुढं उभं केलं. रेल्वेच्या डॉक्टरनं हात सरळ कर म्हटलं आणि तेवढ्यात सगळं संपलं. हे मला तू सांगितलं नाहीस, मुकादमाकडून कळलं. आमच्याकडं दूध दुसरा माणूस घालायला लागला. दोन वर्षं आपली गाठ पडली नाही. तू कामात असशील, असं मी घरी सांगायचो. तुझ्या गावाकडं यायला मला रस्ता माहीत होता. मी आलो नाही.

मग एक दिवस कामशेतचा एक विद्यार्थी निरोप घेऊन आला. "गेणूभाऊंनी सायकलचं दुकान घातलंय. म्हनले, मास्तरला सांग, चेन ढिली झाली असंल, घेऊन ये." चेन खरोखरच ढिली होती. मी त्याच दिवशी आलो. तू मान वर न करता म्हणालास, "मास्तर, तेल कधी घातलं व्हतंस? सायकल हाय का नांगर?" बस. त्यापुढं दर शनिवारी मी तुझ्याकडं यायला लागलो. सायकलला काही झालेलं नसलं तरी यायचो आणि तू काहीतरी बिघाड काढायचासच.

लढाई सुरू झाली, नवे टायर मिळेनासे झाले. तू फाटक्या टायरला जुन्या टायरचे तुकडे आतून शिवून द्यायचास. वाकड्या हातानं तू ते कसं करायचास हे बघायला लांबून माणसं यायची. पुण्याची माणसंही तुझं नाव विचारत यायला लागली. दुकान मांडून तू सुखी होतास का? मला वाटतं होतास. लोणावळ्याकडून इंजिनाची शिटी आली की मात्र तू हातातलं काम क्षणभर थांबवायचास. मी ते बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो.

आपण भांडलो किती! तुझ्या यमीला शाळेत घाल म्हणून मी तीन वर्षं तुझ्या मागं लागलो. "ती शिकली तर पंक्चर कोन काडंल?" असं तू म्हणायचास, आणि खरोखरच तू त्या पोरीला पंक्चर काढायला शिकवलं होतंस. ते भांडण मिटलं नाही. शर्यतीवरूनही आपण भांडायचो. गाडीला बैल कोणत्या रंगाचे होते, सोमाटण्याला कोण पुढं होतं, निगडीच्या चढावर मी तुला दोन वेळा मागं टाकलं की एकदा. सगळ्यावरून भांडलो. त्या एका गोष्टीपाशी आलो की दोघंही वळून जायचो.

तू एकदाच वळला नाहीस. गेल्या वर्षी श्रावणात. बाहेर भुरभुर चालली होती, दुकानात आपण दोघंच. तू चेन पुसत होतास. हातातलं फडकं न थांबवता म्हणालास, "मास्तर, एक इचारू? त्या दिशी तू मागं बगितलं व्हतंस का?"

माझ्या हातात चहाचा कप होता.

"नाही रे," मी म्हणालो. "उतार केवढा होता. मागं कसा बघणार?"

"व्हय," तू म्हणालास. "उतार व्हताच."

आणि तू चेन चढवलीस.

तुला विचारायचं माझ्याही मनात कायम होतं. तू हात वर केला होतास तो कशासाठी? थांब म्हणून, की खरंच जा म्हणून? तू तिकडं पडून 'जा' म्हणाला असशील आणि मी जे लोकांना सांगितलं ते चुकून खरंच असेल, अशी एक वेडी आशा मला होती. पण ते विचारायचं तर आधी मी मागं बघितलं हे कबूल करायला हवं होतं. म्हणून बारा वर्षं विचारलं नाही, आणि तू विचारलंस तेव्हाही ती संधी घालवली.

तुझ्या पायरीवरून उठून त्या दिवशी मी घरी आलो आणि सुमतीला सगळं सांगितलं. आमचं लग्न शर्यतीनंतरचं. मी मुलांना ही गोष्ट सांगताना तिनं अनेकदा ऐकली होती. ती तांदूळ निवडत होती. मी थांबल्यावर तिनं सुपावरून मान वर केली. मला वाटलं, आता रागावेल. तिनं एवढंच विचारलं, "मग त्यांना उचललं कोणी?"

ते मला माहीत नव्हतं.

"बारा वर्षांत विचारलं नाहीत?"

"नाही."

ती पुन्हा निवडायला लागली. निवडता निवडताच म्हणाली, "जाऊन विचारा. त्यांच्या घरी कोणाला तरी माहीत असेल."

म्हणून पुढच्या रविवारी मी तुझ्या गावी आलो. कान्ह्याच्या फाट्यापासून चालत. टाकवे गावाच्या पुढं दोन्हीकडं भाताची कापणी झालेली, खाचरांत नुसते बुडखे. ह्या रस्त्यानं तू रोज दोन किटल्या घेऊन यायचास, आणि मी तुझ्या हयातीत एकदाही इथं आलो नव्हतो. तू बोलावलं नव्हतंस असं नाही.

भागूवहिनी खळ्यावर होत्या. झोडणी चालली होती, तुझे भाऊ आणि भावजया. मला बघून त्या बाजूला आल्या, पदर सारखा केला.

"लय उशीर केलात, भावजी."

"कळलंच उशिरा, वहिनी."

"व्हय. कुनाच्या ध्येनातच आलं न्हाई सांगावा धाडायचं. चार दिसांत खेळ आटपला. ती कडू औषधाची गोळी लढाईपायी कुटंबी मिळाली न्हाई."

आम्ही पेंढ्याच्या ढिगापाशी बसलो. मग मी एकदम विचारूनच टाकलं, शर्यतीच्या दिवशी गेणूला रस्त्यावरून कोणी उचललं?

त्यांना नवल वाटलं नाही. "गवत कापनारी एक म्हातारी व्हती, ठाकरीन. तिनंच आपलं लुगडं फाडून हात बांदला. आन त्या पेंढ्याच्या गाडीवाल्यानं गाडी वळवून कारल्यापतूर सोडलं. फुडं चालत गेले. दर दिवाळीला जायाचे त्या म्हातारीकडं, फराळाचं घेऊन. औंदाबी गेलते. अंगात ताप व्हता, मी नगं म्हनत व्हते."

दर दिवाळीला. आणि दिवाळीच्या सुट्टीत तू मला दुकानात कधी सापडत नसायचास, त्यावरून मी तुला आळशी म्हणायचो.

"वहिनी," मी म्हणालो, "मी त्या दिवशी मागं बघितलं होतं. त्याला पडलेला बघितला होता. तसाच पुढं गेलो."

"ठावं हाय."

"तुम्हाला कसं?"

"त्यांनी बगितलं न्हवं तुमाला बगताना. खरं सांगू का भावजी? पयली दोन वर्सं तुमचं नाव काडलं तर ताटावरनं उटायचे. त्या हातानं घास घेताना तरास व्हायचा ना, तवा लय चिडायचे. मंग एक दिस आपसूकच म्हनले, जाऊ दे, मास्तरबगर दुकानात बोलायला कोन न्हाई."

झोडणीचे आवाज येत होते.

"त्यानं हात वर केला होता," मी म्हणालो. "कशासाठी? थांब म्हणून, का जा म्हणून?"

वहिनींनी पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडायला लागल्या. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्यानं.

"शिवी दिली व्हती वो! आईवरनं. पडल्या पडल्या, हात वर करकरून. सोताच सांगायचे मला. म्हनायचे, अशी घातली, अशी घातली, पन मास्तरला वाऱ्यानं ऐकूच गेली न्हाई. आन मंग हसायचे."

"मग बाजारात सगळ्यांपुढं तसं का म्हणाला?"

"मी बी हेच इचारलं. तर माझ्यावरच वराडले. आपल्या मानसाला भर बाजारात उगडं पाडायचं व्हय, म्हनले."

मी सांगितलं, "वहिनी, गेल्या श्रावणात त्यानं मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

"ते बी घरी येऊन सांगितलं. मी म्हनलं, मंग सोडा की आता. तर म्हनले, न्हाई, सांगंल. त्येला येळ लागतो."

तेव्हा मात्र वहिनींचं हसू थांबलं. तुझा धाकटा भाऊ पाणी घेऊन आला आणि आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघून तांब्या ठेवून निघून गेला.

यंदाच्या बक्षीस समारंभात मी ती गोष्ट सांगणार आहे, जशी झाली तशी. मुख्याध्यापकांना आधी कल्पना दिली आहे. ते म्हणाले, मुलांसमोर कशाला? मी म्हणालो, मुलांसमोरच बारा वर्षं खोटं बोललो आहे. पुढं काय होईल ते होईल. सुमती समोर येऊन बसणार आहे.

पण ते सगळं लोकांसाठी. तुझ्या-माझ्यातलं तसंच राहिलं. आता शनिवारी शाळा सुटली की मी घरी जातो. सायकल भिंतीला टेकून उभी आहे, चाकात हवा नाही, आणि कोणाकडं न्यावी हे मला सुचत नाही. दुपार फार लांब होते. मावळात इतकी माणसं आहेत, पण मला एकेरी हाक मारणारं त्यांत कोणी उरलं नाही.

त्या रविवारी तुझ्या गावाहून परत येताना टाकव्याच्या रस्त्यावर मला एकट्यालाच हसू आलं, आणि मग ते थांबवताही येईना. तू नेमकी कोणती शिवी दिली होतीस, गेणू? वहिनींनी ती सांगितली नाही आणि बाईमाणसाला मी ती विचारू शकलो नाही. तुला विचारली असती तर तू हातातलं फडकं टाकून, दुकानाच्या मधोमध उभा राहून, हात वर करून, सगळ्या कामशेतला ऐकू जाईल अशी दिली असतीस. आणि मी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली असती.